पयलं दळण ढोराले

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये फळ्याच्या वर तेलरंगात एक वाक्य रंगवलेलं होतं: 'मशीन खोटं बोलत नाही.' अक्षर लॅब सांभाळणाऱ्या सलीमभाईंचं, वाक्य कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडमचं. वाशिमला आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेल्या कित्येक पोरापोरींनी या वाक्यासमोर मान खाली घातली होती. उत्तर चुकलं की मॅडम काही बोलत नसत, नुसतं वर बोट दाखवत. एका एप्रिलमध्ये मॅडमनी स्वतः उभं राहून त्या वाक्यावर चुना मारून घेतला. मी तिथेच होते, आणि चुन्यातून 'खोटं' हा शब्द फिकट दिसत राहिला म्हणून सलीमभाईंनी दुसरा हात मारला, तोही मी पाहिला. तरी घरी जाईपर्यंत मला ते खरं वाटलं नव्हतं.

मी अनसिंगची. माझे बाबा अनसिंग-वाशिम काळीपिवळी जीप चालवायचे. घरात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजच्या पहिल्या दिवशी बाबांच्या शेजारी बसून मी वाटभर 'मे आय कम इन मॅडम' घोकत होते. लॅबच्या दारात उभी राहून मी ते म्हटलं. आतून आवाज आला, "ये ना वं माय, कोणं अडवलं तुले?"

मी दारातच थिजले. कॉलेजात शिकवणारी बाई माझ्या आजीसारखं बोलते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे कळलं की मॅडम विद्यापीठातून आलेल्या परीक्षकांशीही असंच बोलत. अमरावतीच्या एका परीक्षकांनी एकदा हसून विचारलं, "मॅडम, शुद्ध बोलायला काय हरकत आहे?" मॅडम म्हणाल्या, "अशुद्ध काय बोलली ते सांगा, म्हंजे सुदारते."

मॅडमना आयतं काही चालत नसे. हळद घ्यायची तर हळकुंडं आणून घरी उकळून, वाळवून, कुटून. त्यांच्या स्कूटीचा कार्बोरेटर त्या स्वतः खोलून साफ करत, आणि तेही स्टाफरूमच्या ओट्यावर, वर्तमानपत्र अंथरून. संस्थेच्या सचिवांच्या वाढदिवसाला केक आला तेव्हा सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "हे कोणं केलं?" कोणी म्हणालं, बेकरीतून आणला. "बेकरीत कोणं केलं?" मॅडमनी आपल्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा काढला. सचिवांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्यांना राग आला असावा, पण त्याआधी ते थक्क झाले होते.

पहिल्या वर्षाच्या वर्गात मॅडम कॉम्प्युटर चालू करायच्या आधी एक प्रश्न विचारत: "तुमच्या घरचं पीठ कोणत्या चक्कीवरचं हाय?" मुलं एकमेकांकडे बघत. कोणी स्टँडजवळची सांगे, कोणी गावातली. एक मुलगा म्हणाला, आम्ही पाकिटातलं पीठ आणतो. मॅडमनी त्याच्याकडे फार कळवळून पाहिलं. "मंग बाप्पा, तुले कंपायलर समजाले जरा येळ लागंल."

त्याचं कारण त्यांनीच सांगितलं. माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. ते झालं धान्य. मशीनला धान्य पचत नाही, पीठ लागतं. धान्याचं पीठ करतो तो कंपायलर. म्हणजे चक्की. बहुतेक लोक तयार पिठाचं पाकीट आणतात, तसं बहुतेक लोक मशीनमध्ये तयार दळलेली सिस्टीम टाकतात. आमच्या लॅबमध्ये तसं नव्हतं. मॅडमनी लिनक्सचा असा एक प्रकार शोधून काढला होता की ज्यात सगळं, अगदी सगळं, धान्याच्या रूपात आणायचं आणि आपल्याच मशीनवर दळायचं. दुसऱ्या कॉलेजात जे काम दुपारभरात होई त्याला आमच्याकडे दिवसच्या दिवस लागत. प्राचार्य याला 'मॅडमचा सोवळा कॉम्प्युटर' म्हणत.

चक्कीचं वेड त्यांच्यात कुठून आलं, ते त्यांनी आम्हाला तासाला सांगितलं होतं. शिरपूर जैनला त्यांच्या वडलांची चक्की होती. चक्कीचे दगड घासून गुळगुळीत झाले की त्यांना टाकी मारावी लागते, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडाव्या लागतात. टाकी मारल्यावर जे पहिलं दळण निघतं त्यात दगडाची बारीक कच असते. ते माणसानं खायचं नसतं. "पयलं दळण ढोराले," असा वडलांचा नेम. एकदा वडील बाहेर गेलेले असताना चक्कीवरच्या गड्यानं घाईत टाकी मारली आणि सरळ गिऱ्हाइकांचं दळण लावलं. संध्याकाळी एक बाई अर्धी भाकर हातात घेऊन आली, "भाऊ, दाताखाली कचकच लागून राह्यली." वडलांनी तिला पीठ बदलून दिलं. मग चक्कीचा पट्टा उतरवला, पाठीवर ज्वारीचं पोतं घेतलं, आणि त्या दिवशी ज्यांचं ज्यांचं दळण झालं होतं त्या प्रत्येक घरी जाऊन पीठ परत घेतलं आणि ज्वारी मापून दिली. ज्यांना काही लागलं नव्हतं त्यांच्याकडूनही. मॅडमची आई दारात उभी राहून म्हणाली, "एक बाई आली तं अख्ख्या गावाले काहून वाटून राह्यले?" वडील म्हणाले, "खडा कोणाच्या पिठात गेला ते खड्यालेच माईत."

हे सांगताना मॅडम हसत नसत. आम्ही हसायचो. मी तर घरी जाऊन आईलाही सांगितलं आणि दोघी हसलो.

तिसऱ्या वर्षी आमची अंतर्गत प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मी खिडकीजवळच्या मशीनवर बसले होते. प्रोग्राम साधा होता, आकड्यांची एक लांब यादी लावून तिची बेरीज करायची. मी लिहिला, कंपाइल केला, चालवला. उत्तर भलतंच आलं. मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी वर बोट दाखवलं. मी घाबरले, कोड वरपासून खालपर्यंत वाचला, चूक दिसेना. काय करावं सुचेना म्हणून तोच कोड पुन्हा कंपाइल करून वेगळ्या नावानं ठेवला. या वेळी उत्तर बरोबर आलं.

"काय बदललं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम."

"काही नाही बदललं तं उत्तर कसं बदललं?"

"मले नाही माहीत मॅडम. तेच पुन्हा केलं."

मॅडमचा चेहरा बदलला. चुकलेल्या पोराला त्या पुन्हा पुन्हा समजावत, पण खोटं बोलणाऱ्याला त्यांच्याकडे जागा नव्हती. "कोणाचं पाहून बदललं, ते सांग. चूक झाली तं मार्क कापते. लबाडी केली तं टर्म देत नाही."

टर्म न देणं म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेला बसता न येणं. माझं वर्ष जाणार. आमच्या घरी गेलेलं वर्ष परत येत नाही हे मला माहीत होतं. माझ्या मावसबहिणीचं एक वर्ष गेलं आणि दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. मी रडत होते आणि तेवढंच म्हणत होते, काही बदललं नाही. मॅडम म्हणाल्या, "टर्म नाही."

मी स्टँडवर जाऊन बाबांच्या गाडीत बसले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. सीट भरायला आल्या होत्या, पण त्यांनी बसलेल्या माणसांना दुसऱ्या गाडीत बसवलं आणि माझ्यासोबत कॉलेजात आले. लॅबच्या दारात चप्पल काढली. हातात गाडीची किल्ली तशीच होती. मला वाटलं बाबा आता हात जोडणार, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांनी हात जोडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पोरीनं लबाडी केली असंल तं टर्म देऊच नका. पण एकदा पाहून घ्या. गाडी बंद पडली तं मी पयले ड्रायव्हरले शिव्या देत नाही, बोनेट उघडून पाह्यतो." एवढं बोलून चप्पल घातली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला वर्गातून बोलावून घेतलं. माझ्या फोल्डरमध्ये पहिल्यांदा कंपाइल झालेली फाइल तशीच पडून होती, आणि दुसऱ्यांदा झालेलीही. कोडची फाइल मात्र पहिल्या वेळेआधीपासून बदललेली नव्हती, मशीनमध्ये तिची वेळ लिहिलेली होती. मॅडमनी पहिली फाइल दुसऱ्या मशीनवर नेऊन चालवली. तिथेही चूक. दुसरी फाइल बरोबर. म्हणजे धान्य एकच, पीठ मात्र दोन प्रकारचं.

त्या मला घेऊन वर्गात गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काल म्या हिले लबाड म्हटलं. लबाडी चक्कीनं केली होती. म्या पाह्यलं नाही. हिची टर्म मंजूर हाय."

मॅडम पोरीची माफी मागतात हे आम्ही पाहिलं नव्हतं, दुसऱ्या कोणत्याही शिक्षकाकडूनही पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी नुसती उभी होते.

खरा धक्का त्यानंतरचा होता. मॅडमनी शोधलं, आमचा कंपायलर जुना झाला होता, त्याच्या आवृत्तीबद्दल तक्रारीही वाचायला मिळाल्या. त्यांनी नवा आणला. तिथवर ठीक होतं. पण सगळी लॅब त्या जुन्या कंपायलरनं दळलेली होती. मॅडमनी ठरवलं की सगळ्या मशीनवरचं सगळं पुन्हा दळायचं. त्यातही आधी नव्या कंपायलरनं स्वतःलाच पुन्हा दळायचं, कारण तो नवा असला तरी जुन्याच्या हातून निघालेला. "पयलं दळण ढोराले," त्या म्हणाल्या आणि पहिल्या फेरीतलं सगळं टाकून दुसरी फेरी लावली.

विद्यापीठाची प्रॅक्टिकल तोंडावर आली होती. प्राचार्य धावत लॅबमध्ये आले. "मॅडम, मशीन चालू होत्या ना? चालत्या गाडीचं इंजिन कोणी उतरवतं का?"

"चालून राह्यल्या होत्या सर. पण बरोबर चालून राह्यल्या होत्या का, ते कोणालेच माईत नाही."

"पेन ड्राइव्हवरून तयार सिस्टीम टाका. संध्याकाळपर्यंत मोकळे."

"मंग पोराईचे मार्क बी तयारच आणा कुठून."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, सलीमभाईंकडे पाहिलं, आणि निघून गेले.

मग दिवसचे दिवस प्रत्येक पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी खालून वर सरकत राहिल्या. वाशिमचं ऊन, त्यात एवढ्या मशीन पूर्ण जोरात. मॅडमनी घरचा इन्व्हर्टर उचलून आणला, घरचा कूलर आणला. सलीमभाई कूलरमध्ये पाणी ओतून ओतून दमले. एका मशीनला हात लावून म्हणाले, "मॅडम, इसपे तो रोटी सिक जाएगी." मॅडम म्हणाल्या, "शेका ना मंग, भाकर म्या आणली हाय." लाइट गेली की मॅडम खुर्चीत ताठ बसून राहत, आली की जिथं थांबलं तिथून पुढे. बाकीच्या वर्गांतली मुलं खिडकीतून बघून जात. मॅडमला वेड लागलं असं सरळ बोललं जाई. मलाही मनातून तसं वाटत होतं, आणि ते माझ्यामुळे लागलं असंही.

सगळ्या मशीन हळूहळू पार पडल्या. खिडकीजवळची मात्र मध्येच बंद पडे. एकदा एका ठिकाणी, पुन्हा लावली की दुसऱ्याच ठिकाणी. मॅडम तिच्यासमोर बसून होत्या. एका दुपारी त्या एकदम म्हणाल्या, "कंपायलरची चूक असती तं दरवक्ताले एकाच जागी पडली असती." त्यांनी मशीनचा डबा उघडला, आतली मेमरीची पट्टी काढली आणि शेजारच्या चांगल्या मशीनला लावली. थोड्या वेळानं ती चांगली मशीनही बंद पडली. खिडकीजवळची, दुसऱ्या पट्टीवर, बिनबोभाट चालू लागली.

चूक माझी नव्हती, तशी कंपायलरचीही नव्हती. बोटाएवढी एक हिरवी पट्टी मधूनच एखादा आकडा विसरत होती. सगळी लॅब पुन्हा दळली ती त्यासाठी.

मॅडमनी हे लपवलं असतं तर कोणालाही कळलं नसतं. त्या स्वतःच प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य म्हणाले, "म्हणजे हा सगळा खटाटोप फुकट?" मॅडम म्हणाल्या, "हो. पयले म्या पोरीवर आळ घेतला, मंग कंपायलरवर. दोन्ही बारीनं चुकली." प्राचार्यांनी मॅडमना चहा सांगितला.

त्याच दिवशी सलीमभाईंनी भिंतीवर चुना मारला. दुसरा हात वाळायच्या आत मॅडम मला म्हणाल्या, "ही पट्टी कवापासून खराब असंल वं?" मी म्हटलं, काय माहीत. त्यांनी खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुह्या आधी बी एक पोरगा हेच सांगत होता. तेच पुन्हा केलं मॅडम, अन् बरोबर आलं. याच खुर्चीवर."

त्याची टर्म मॅडमनी दिली नव्हती. तो परत कॉलेजात आला नाही. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा होता.

माझी परीक्षा झाली. ती झाल्यावरच्या पहिल्या सुटीच्या दिवशी मॅडमनी बाबांची गाडी सांगितली. "अख्खी गाडी कायले मॅडम?" बाबा म्हणाले. "लागंल," एवढंच मॅडम म्हणाल्या. मला सोबत घेतलं. वाटभर मांडीवर पर्स, पर्समध्ये कागदात गुंडाळलेली ती पट्टी.

तांड्यावर कळलं की तो मानोऱ्यातच मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकान म्हणजे एक टपरी. त्यानं मॅडमना पाहिलं आणि उठून उभा राहिला, हातातला मोबाईल तसाच. मॅडमनी टपरीच्या फळीवर कागद उलगडला आणि सगळं सांगितलं. मध्ये कुठे थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तू खरं बोलत होता. मी चुकली."

मला वाटलं आता तो वाकून पाया पडणार. त्यानं पट्टी उचलून उन्हात धरली.

"मले माईत होतं मॅडम," तो म्हणाला. "मी खरं बोलत होतो हे मले तं माईतच होतं ना." मग माझ्याकडे बघून, "हिचं काहून पाह्यलं मंग तुमी? माह्यं काहून नाही?"

उत्तरही त्यानंच दिलं. "हिचा बाप आला असंल."

गाडीजवळ उभे असलेले बाबा दुसरीकडे बघायला लागले.

"माह्या बापाले कोणं सांगावं? तो तवा ऊसतोडीवर होता, तिकडं दूर. मायही. मी कोणाले आणू?"

तो ओरडला नाही. त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. मॅडम उभ्या होत्या, घाम येत होता, आणि पुसत नव्हत्या. मग म्हणाल्या, "बरोबर हाय तुह्यं. याच्यावर मापून द्याले माह्याजवळ काही नाही. तुही टर्म द्याचं पत्र म्या प्राचार्याईकडून घेतलं हाय. बसाचं का नाही, ते तू पाह्य."

एक गिऱ्हाईक आलं. त्यानं गिऱ्हाइकाचा मोबाईल घेतला, बॅटरी बदलली, पैसे गल्ल्यात टाकले. आमच्याकडे पाहिलं नाही. टपरीच्या दारावर लिंबू-मिरचीचा दोरा लटकत होता. त्यानं तो सोडला, पट्टीच्या भोकातून ओवला, मिरच्यांच्या मधोमध पट्टी बसवली आणि पुन्हा टांगला. वाऱ्यानं ती हिरवी पट्टी मिरच्यांसोबत फिरायला लागली.

"राहू द्या ही इथंच," तो म्हणाला.

आम्ही गाडीत बसलो. मॅडम पुढे, बाबांच्या शेजारी. पर्स उघडी होती, ती लावायचं त्यांना भान नव्हतं. बाबांनी गाडी चालू केली, पण गिअर टाकला नाही. आरशात बघत नुसते बसून राहिले. मी मागे वळून पाहिलं. तो टपरीची फळी उतरवत होता. कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि मॅडमच्या खिडकीशी आला.

"परीक्षेचा फारम कवालोक भरता येते?"

बाबांनी हात मागे नेऊन मधलं दार उघडलं.

"बस," ते म्हणाले. "अख्खी गाडी खालीच हाय."